रिक्षातली मधली जागा

कात्रजच्या चौकात अडकलं की माणसाचा खरा स्वभाव कळतो, असं मी एकदा बाबांना म्हणाले होते. ते म्हणाले, "तुझा तर घरीच कळतो."

माझा स्वभाव तापट. गाडीवर असले की हेल्मेटच्या आत तोंड चालूच. उलट्या बाजूने येणारे, फुटपाथवरून घुसणारे, सिग्नल सुटायच्या आधीच मागून हॉर्न मारणारे, सगळ्यांचा मी उद्धार करत असते. बाबा अगदी उलट. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते आमच्या विहारात दर रविवारी आनापान शिकवायचे. आनापान म्हणजे आत येणारा श्वास बघायचा, बाहेर जाणारा श्वास बघायचा. ओढायचा नाही, ढकलायचा नाही, नुसता बघायचा. विहारात कुणीही शांत बसेल, चौकात बसून दाखवा, असं ते म्हणायचे. माझ्या गाडीवर मागे असले की सिग्नलला माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचे. म्हणजे, श्वास बघ. मी चिडायचे आणि बघायचेही.

घरात सगळ्यांनाच ही सवय. वाहतूक तुंबली की आई डोळे मिटणार, बाबा मिटणार, मग नाइलाजाने मीही. यांच्या घरी आग लागली तरी आधी हे डोळे मिटून बसतील, असं माझी आत्या म्हणायची. आम्हाला त्याचा अभिमान होता.

बाबा गेले ते याच चौकात. अंगात कणकण होतीच, त्या दुपारी धाप लागली. "अँब्युलन्स कशाला? रिक्षा बघ," म्हणाले. रिक्षात मध्ये बाबा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. पुलाच्या कामासाठी अर्धा रस्ता पत्रे लावून अडवलेला आणि उरलेल्या अर्ध्यात एक बस आडवी. कुणी पुढे जाईना, कुणी मागे घेईना. मी उतरून भांडायला निघाले, तेवढ्यात बाबांनी माझ्या खांद्यावर बोटं टेकवली आणि डोळे मिटले. मी परत बसले. आईनेही डोळे मिटले. रिक्षावाला मान बाहेर काढून शिव्या देत होता आणि मागे आम्ही तिघं ध्यानाला बसलो होतो.

थोड्या वेळाने मी डोळे उघडले. बाबांची धाप थांबली होती. श्वास अगदी बारीक झाला होता. एक गेला की दुसरा यायला बराच वेळ लागत होता. मी आईकडे बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "ध्यान लागलंय. हलवू नकोस." श्वास बारीक झाला की मन स्थिर झालं समजायचं, हे बाबांनीच आम्हाला इतकी वर्षं शिकवलं होतं. त्यामुळे आम्हाला बरंच वाटलं. दवाखान्याच्या दारात त्यांना उतरवायला गेलो, तेव्हा कळलं.

लवकर आणलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. त्यातल्या 'फार'चं मी काय करायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

जलदान विधीला आईने भन्तेजींना सांगितलं, "बसल्या बसल्या, ध्यानातच गेले." सगळ्यांनी हात जोडले. असं मरण कुणाला मिळतं, असं जो तो म्हणत होता. पौर्णिमेला विहारात कुणी नवीन भेटलं की आई अजूनही हे सांगते. त्या एका वाक्यावर तिचं म्हातारपण उभं आहे. ते ध्यान होतं की बाबा जात होते, हा प्रश्न मी तिच्यासमोर कधीच काढला नाही. काही झालं तरी तिच्यापर्यंत तो पोचू द्यायचा नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

पण तो माझ्यापर्यंत रोज पोचतो. ऑफिसातल्या मुली सांगतात, "मॅडम, ट्रॅफिकमध्ये चिडत नका जाऊ, ब्रीदिंग करा, ॲप आहे त्याचं." मी बरं म्हणते. चौकात गाडी थांबते, मी श्वास बघते. आत आला. बाहेर गेला. पुढचा येईपर्यंत जो थोडा वेळ जातो, त्यात तो श्वास माझा राहत नाही. मी बाबांच्या श्वासाची वाट बघायला लागते. खांद्यावर दोन बोटं टेकल्यासारखी वाटतात. वळून बघायची भीती वाटते. कुणी असेल याची नाही, नसेल याची. मग सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न मारतात, आणि मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

परवा आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. रिक्षात ती एका कडेला बसली, मी दुसऱ्या. मध्ये पिशवी. हल्ली आम्ही अशाच बसतो, तसं कधी ठरवलेलं नाही. चौकात रिक्षा थांबली. "आज काय खरं नाही," म्हणत रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. डॉक्टरांची वेळ टळत चालली होती आणि माझा पारा चढत होता. आईसमोर तमाशा नको म्हणून मी डोळे मिटले. आत आला. बाहेर गेला. मी वाट बघू लागले.

नाकाखाली काहीतरी गार लागलं. डोळे उघडले तर आईचं बोट.

"काय गं आई?"

"काही नाही. डोळे उघडे ठेव."

"अगं, श्वास बघत होते."

"मग उघड्या डोळ्यांनी बघ." बोट तिने तसंच धरून ठेवलं. मग समोर बघत म्हणाली, "त्यांच्या नाकाशी असं बोट धरावं, हे तेव्हा मनात आलं होतं माझ्या. वाटलं, ध्यान मोडेल."

काळ्या चष्म्यामागचे तिचे डोळे मला दिसत नव्हते. म्हणजे तिलाही हे माहीत होतं. विहारात सगळ्यांना ते वाक्य सांगताना प्रत्येक वेळी माहीत होतं. ज्यापासून मी तिला जपत होते, ते ती एकटीच घेऊन बसली होती.

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मधल्या जागेवर सरकले. तिचं बोट अजून माझ्या नाकाखालीच होतं. मी मोठा श्वास घेतला, तिला ऐकू जाईल असा, आणि तिच्या बोटावर सोडला. पुन्हा घेतला.

बाबांच्या शिकवणीत हे बसत नाही. श्वास मुद्दाम घ्यायचा नसतो, नुसता बघायचा असतो. चौक ओलांडेपर्यंत मी मुद्दाम घेत राहिले.