फिकट गुलाबी

विद्यापीठाच्या रसायनशाळेत बाई अठ्ठावीस वर्षं एकच प्रयोग शिकवत आल्या. ब्युरेट नावाच्या उभ्या नळीतून एकेक थेंब खालच्या फ्लास्कमध्ये सोडायचा आणि पाण्यासारखं द्रावण जरासं गुलाबी झालं की थांबायचं. शेवटी तर त्या अर्धाच थेंब सोडायला लावत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव 'अर्धा थेंब' पाडलं होतं. मी तिथला मदतनीस, काचसामान विसळणारा. बाईंचे गुडघे कामातून गेले होते, तरी दिवसाला चार तुकड्या उभ्यानं घेत. एवढा जीव काढून कुणाच्या डोक्यात काही शिरतं का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मला तर मुळीच नव्हतं.

यंदा वर्गात एक पस्तिशीचा गृहस्थ होता. औषधांच्या कारखान्यात कामाला, घरी दोन लेकरं. मुलं त्याला काका म्हणत. पदवी मिळाली तरच नोकरी कायम होणार होती, आणि याच प्रयोगात तो दोनदा आपटला होता. ही शेवटची संधी. त्याच्या वहीत बाईंनी पानोपानी 'निष्काळजी' असा शेरा मारला होता.

परीक्षेआधीच्या सरावात बाईंनी त्याचा फ्लास्क उचलला.

"हा फिकट गुलाबी? चांगला राणी कलर झालाय. लक्ष कुठे असतं तुमचं?"

"आत्ताच तर रंग आला, मॅडम. त्याआधी पाणीच होतं."

बाईंनी त्याचा फ्लास्क खाली ठेवला. शेजारच्या मुलीचा बरोबर जमलेला फ्लास्क घेतला, दुसऱ्यात साधं पाणी भरलं आणि दोन्ही पांढऱ्या कागदावर ठेवले.

"यातला गुलाबी कोणता?"

काका बराच वेळ वाकून बघत राहिला. "दोन्हीत पाणीच आहे ना?"

बाई मटकन स्टुलावर बसल्या. मग मला कपाटातलं पीएच मीटर काढायला लावलं, तीन वर्षं खोक्यातच पडलेलं. त्यावर रंग नाही, आकडा बघायचा असतो. काकाने आकडा बघत थेंब सोडले आणि उत्तर चोख आलं. परीक्षेत हेच वापरू द्यावं म्हणून बाई परीक्षकांशी बोलल्या, भांडल्याच म्हणा. काका पास झाला.

निकालाच्या दिवशी बाई काही खूश दिसेनात.

"वर्षभर त्याचे फ्लास्क तुम्हीच धुतलेत," मला म्हणाल्या. "रंग एवढा गडद असायचा. एकदा तरी सांगायचं होतंत."

"मला तो बरोबरच वाटायचा, बाई."

त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्यांचाच विद्यार्थी होतो. याच प्रयोगात नापास होऊन शिक्षण सोडलं आणि इथेच कामाला लागलो. ते त्यांना आत्ता आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा पार उतरला. मला खरं तर राग यायला हवा होता. नुसता थकवा आला.

बाईंनी कागद पसरला, त्यावर दोन फ्लास्क ठेवले. "जरा इकडे या."

मी हात पुसले, पण जागचा हललो नाही.

"राहू द्या, बाई," मी म्हणालो. "आता बघून काय करू?"