लतिकाचं टाइमटेबल

लतिका खानविलकरला गाडी शिकायची होती आणि तिच्या नवऱ्याची, धनंजयची, त्याला कधीच ना नव्हती. खरी पंचाईत तिथेच होती. तो नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. पण तो गोड आवाजात म्हणायचा, "शिकशील ना. मीच शिकवीन तुला. एवढा प्रोजेक्ट हँडओव्हर होऊ दे." लग्न होऊन ती दुबईतल्या करामा भागात राहायला आली तेव्हाही तो हेच म्हणाला होता. त्यानंतर तिथे किती टॉवर हँडओव्हर झाले, मेट्रो आली, मुलगी अस्मी कॉलेजात गेली. लतिका मात्र अजून शेजारच्या सीटवर बसून एसीची जाळी वरखाली करत होती.

अस्मी घरात सगळी उत्तरं इंग्रजीत द्यायची आणि लतिका फक्त 'ओके' म्हणायची. शेवटी याचा कंटाळा येऊन तिनं घराजवळच्या एका इंग्रजीच्या क्लासात नाव घातलं. शिकवायला सोनम होती, दार्जिलिंगची, बोलायला शांत आणि लाल पेन हातात आलं की निर्दय. लतिकानं लिहिलेल्या 'टुमारो आय कॉल यू' या वाक्याखाली तिनं जाड रेघ ओढली.

"मॅडम, हमारे मराठी में ऐसाच बोलते है," लतिकानं हुज्जत घातली. "उद्या फोन करते. करते म्हणजे करते."

"इंग्लिश में नहीं चलेगा," सोनम म्हणाली आणि तिनं समजावून सांगितलं. आत्ता मनात आलं, कुणाला शब्द दिला, तर 'विल' लावायचं. जे ठरून गेलंय, आपल्या मर्जीवर थांबत नाही, तिथे साधा वर्तमानकाळ. द फ्लाइट लीव्ज ॲट सिक्स. तुम्ही ड्यूटी फ्रीमध्ये चॉकलेटं बघत असलात तरी विमान सहाला जातं.

"और मैंने खुद का टाइमटेबल बनाया तो?"

सोनमनं जरा विचार केला. "चलेगा. लेकिन सच में फिक्स होना चाहिए."

यातलं 'चलेगा' लतिकानं नीट ऐकलं. पुढचं ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही, पण तिनं ते मनावर घेतलं नाही. घरी येईपर्यंत तिला एवढं कळलं होतं की आपला सगळा संसार आजवर 'विल'मध्ये चाललाय.

पुढच्याच शनिवारी धनंजयचा जुना मित्र विष्णू यानं दीड तासावरच्या अल ऐन शहरातल्या नव्या घरी जेवायला बोलावलं. बरीच मराठी मंडळी जमली होती. निघताना विष्णू म्हणाला, "वहिनी, आता परत कधी?"

लतिकानं पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माय ड्रायव्हिंग क्लास स्टार्ट्स ऑन मंडे. आफ्टर दॅट, आय विल कम मायसेल्फ."

टाळ्या पडल्या. कुणीतरी धनंजयची पाठ थोपटली, विष्णूची बायको आपल्या नवऱ्याकडे रोखून बघायला लागली. धनंजय हसला, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "हे कधी ठरलं?"

"मघाशी."

"आई, धिस इज ब्लॅकमेल," मागून अस्मी म्हणाली.

"नो. धिस इज टाइमटेबल."

रविवारी सकाळी विष्णूचा फोन आला, उद्याच्या क्लासला शुभेच्छा द्यायला. त्याच्यामागोमाग दुसऱ्या दोघांचे आले. धनंजयनं निमूट गाडीची किल्ली उचलली आणि बायकोला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नेऊन तिच्या नावाची फाइल उघडून दिली. सोमवारी तिच्या डोळ्यांची तपासणी झाली आणि पहिला थिअरीचा तासही झाला.

मग लतिकाला चटकच लागली. 'वी ईट भाकरी टुनाइट' म्हटलं की भाकरी निमूट खाल्ली जाऊ लागली. 'अस्मी कम्स होम ॲट नाइन' म्हटल्यावर अस्मी तोंड फुगवून का होईना, नऊला दारात हजर असायची. गाडी शिकवणारी यम्ना लाहोरची होती, ताईला बाजी म्हणणारी. "बाजी, शीशा देखो," असं तिनं शंभरदा सांगितलं तरी लतिका आरशात न बघता सरळ पुढे बघायची, पण हात बसत चालला होता. टेस्टची तारीख मिळताच तिनं इमारतीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकून दिलं, 'आय पास माय टेस्ट ऑन थर्सडे.'

गुरुवारी परीक्षक बाई शेजारी बसल्या. दोनच वळणं झाली असतील, लतिकानं मागचं चाक फूटपाथवर चढवलं. "खलास, स्टॉप हिअर," बाई म्हणाल्या.

ती घरी आली तर शेजारणी पेढे घेऊन दारात उभ्या होत्या. लतिकानं त्यांना आत घेतलं, चहा टाकला, पेढे सगळ्यांनी संपवले आणि मगच तिनं निकाल सांगितला. क्लासात सोनमनं ऐकून घेतलं. "टेस्ट गुरुवारी असते, हे टाइमटेबल," ती हिंदीत म्हणाली. "पास होणं त्यात येत नाही." त्या दिवशी लतिकाला लाल रेघेचा राग आला नाही. रात्री मात्र ती उशीत तोंड घालून थोडी रडली. धनंजयनं ते पाहिलं. "तो फूटपाथच जरा बाहेर आलेला असेल," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या खेपेला ती ग्रुपवर एक अक्षर बोलली नाही आणि पास झाली.

लायसन्स हातात आलं आणि धनंजयला भीती वाटायच्या जागी खोडी सुचली. त्यानं अल ऐनच्या जेवणाचा ग्रुप उघडला आणि लिहिलं, 'लतिका ड्राइव्ज अस टू अल ऐन धिस सॅटर्डे. वी लीव्ह ॲट सेव्हन.' खाली अंगठ्यांची रांग लागली. विष्णूच्या बायकोनं आमटीचं सामान काढलं असल्याचं कळवून टाकलं.

"मला विचारलंस का?" लतिका म्हणाली.

"टाइमटेबल विचारत नाही."

शनिवारी सातला ते निघाले. सरळ हायवेवर लतिका छान चालवत होती. धनंजय वरचं हँडल धरून, डोळे मिटून बसला होता आणि अस्मी मागे बसून व्हिडिओ काढत होती. अल ऐनमध्ये शिरल्यावर पहिला मोठा राउंडअबाउट लागला. लतिका आत शिरली, पण बाहेरच्या लेनमध्ये तिला कुणी जागा देईना. एक चक्कर झाली. दुसरी झाली. मधली खजुराची झाडं ओळखीची वाटायला लागली.

"आता बाहेर पडशील ना?" धनंजयनं डोळे न उघडता विचारलं.

"पडेन," लतिका म्हणाली आणि पहिल्यांदा आपणहून आरशात बघितलं. मागून येणाऱ्या पिकअपवाल्यानं हात हलवून वाट दिली. ती बाहेर पडली, ती नेमकी बरोबर रस्त्याला.

विष्णूच्या दारात गाडी थांबताच धनंजय उतरला. त्यानं आधी पाणी मागितलं, मग साखर जास्त घातलेला चहा. अस्मी व्हिडिओ दाखवायला आत पळाली. लतिका मात्र उतरलीच नाही. काच खाली करून तिनं विष्णूच्या बायकोला हाक मारली.

"कोथिंबीर-बिथिंबीर काही हवंय का गं बाजारातून? आणून देते."