सरांचा शब्द

गंधार उतेकर आता महाडला का येत नाही, असं मला बाजारात कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याचा सूर ठरलेला असतो: मोठा साहेब झाला, आता आपल्याला कशाला ओळख देईल! पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. आता मला राग येतो. जे त्याला डोक्यावर घेऊन नाचले, त्यांनीच त्याला शिष्ट म्हणावं, हे मला सहन होत नाही. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

हा मुलगा पोलादपूरचा. वडील एसटी स्टँडजवळ शिंपीकाम करायचे. राज्यशास्त्रात एम.ए. करून तो आमच्या महाडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागला, म्हणजे शिकवाल तेवढंच मिळणार आणि सुट्टीत घरी बसा. मी तिथे इतिहास शिकवत होते. स्टाफरूममध्ये त्याची खुर्ची माझ्या शेजारी होती. रोज सकाळी एसटीत उभ्याने यायचा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि आल्या आल्या पुस्तक उघडून बसायचा. परदेशात अडकलेल्या आपल्या नागरिकाला सरकारने कुठवर सांभाळायचं, हा त्याच्या पीएच.डी.चा विषय होता. मी त्याला चिडवायचे, "अरे, तुला पोलादपूरच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही, आणि तू दुबईतल्या लोकांची सोडवणूक करणार!" तो हसायचा. पण वर्गात हाच विषय निघाला की त्याचा आवाज चढायचा. माणूस सीमेपलीकडे गेला म्हणून पोरका होत नाही, हे तो फळ्यावर हात आपटून सांगायचा. पोरांना ते पटायचं, कारण निम्म्या पोरांचे बाप, मामा, काका आखातातच होते.

पहिल्या बाकावर उबेद बसायचा. वीर स्टेशनला रिक्षा चालवणाऱ्या महमूदभाईंचा थोरला मुलगा. वाद घालण्यात पटाईत. "सर, सरकार पोहोचेपर्यंत मानूस जगला तर ना!" असं एकदा तो भर वर्गात म्हणाला आणि सगळे हसले. गंधारही हसला, आणि तास संपल्यावर त्याला स्टाफरूममध्ये बोलावून चहा पाजला. तेव्हापासून उबेद त्याचा झाला.

शेवटच्या प्रयत्नात गंधार लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाला आणि परराष्ट्र सेवेत गेला. महाडने त्याचा जो काही सत्कार केला! चौकाचौकात फलक, फलकावर गंधारपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. शाली इतक्या जमल्या की त्याच्या आईने पोलादपूरभर वाटल्या. पुढे तो अरबी शिकला, एक-दोन ठिकाणी राहिला आणि शेवटी आखातातल्या एका देशात आपल्या दूतावासात आला. काम तिथल्या कामगारांच्या अडचणी बघण्याचं. म्हणजे जे शिकवत होता तेच आता करायचं होतं.

झालं, महाड-पोलादपूरला जणू घरचा जावई मिळाला. कुणाचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवलाय, कर सरांना फोन. कुणाला पोलिसांनी धरलंय, कर फोन. नाते गावातल्या एका ड्रायव्हरला त्याने खरोखर तुरुंगातून सोडवून आणलं. चार-पाच मयती घरी पोहोचवल्या. कचेरीच्या खिडकीवर रांग असते, अर्ज असतो, हे आमच्या लोकांना कधी पटलंच नाही. आपला माणूस आत असताना रांगेत उभं राहणं म्हणजे त्याचा अपमान, अशीच सगळ्यांची समजूत. मला तेव्हाही ते बरं वाटत नव्हतं, पण ऐकतो कोण?

गंधारची बोलण्याची रीत मात्र बदलली. सुट्टीत आला की कशालाच सरळ हो-नाही म्हणेना. "विषय चर्चेत आहे", "त्या बाजूने उत्तराची वाट बघतोय." एकदा मी वैतागून म्हटलं, "चहा टाकू का? की तोही विषय चर्चेत आहे?" तो ओशाळला. मग म्हणाला, "मॅडम, तिथे एक शब्द वाकडा गेला तर शंभर माणसं अडकतात. सवय लागते."

उबेद बी.ए. झाला आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला. पाळी करून खोकत घरी यायचा. मग त्यानेही आखाताचा रस्ता धरला. आई महरुन्निसा तयार नव्हती. महमूदभाईंनी तिला समजावलं, "अगो, सर हायत ना तिथं! परक्या मुलखात चाललाय कुठं तो?" या एका वाक्यावर तिने मुलाची बॅग भरली.

राजधानीपासून खूप दूर, वाळवंटात एका बांधकामावर तो गेला. पहिलं वर्ष बरं गेलं. पुढच्या उन्हाळ्यात कंपनी बुडाली, मालक पसार झाला, आणि कामगार पत्र्याच्या खोल्यांत अडकून पडले. जेवण बंद झालं. वीज जनरेटरवर होती, तीही कधी असायची, कधी नसायची. पुढचं मला दोघांकडून कळलं: गंधारकडून, आणि पोलादपूरच्या मुरारीकडून. मुरारी उबेदच्याच खोलीत होता.

कामगारांनी ठरवलं, मिळेल त्या ट्रकने राजधानी गाठायची आणि दूतावासाच्या फाटकावर जाऊन बसायचं. उबेदने आधी सरांना फोन केला. गंधार म्हणाला, "जागा सोडू नकोस. तिथून हललास तर तू पळून गेलास अशी तक्रार कंपनी करेल, मग मायदेशी जायची परवानगी मिळत नाही. मी इथल्या कामगार मंत्रालयाशी बोलतोय. थोडा धीर धर." सल्ला खोटा नव्हता. कायदा तसाच होता, आणि गंधार खरोखर रोज त्या मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होता.

बाकीचे निघाले. मुरारी सांगत होता, "मॅडम, मी त्याचा हात धरून ओढला. म्हनलं, चल रे, इथं काय हाय? तर म्हनतो, तू जा, मला सरांनी थांबायला सांगितलंय." जे गेले त्यांनी फाटकावर गोंधळ घातला. कुणीतरी त्याचं चित्रण केलं, ते सगळीकडे दाखवलं गेलं, आणि मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवून जे होत नव्हतं ते झटक्यात झालं. सगळ्यांना विमानात बसवलं. पळून गेल्याची एकही तक्रार कुणी केली नाही. करायला कंपनीत माणूसच उरला नव्हता.

उबेद आणि दोघे-तिघे मागे राहिले. त्यांना आणायला गंधार स्वतः गाडी घेऊन निघाला, पण तोवर जनरेटर कायमचा बंद पडला होता, पंखे आणि पाणी दोन्ही थांबलं होतं. इतर दोघे-तिघे भर उन्हात पाण्याच्या शोधात रस्त्यापर्यंत गेले होते, ते वाचले. उबेद त्या तापलेल्या खोलीतच उष्म्याने गेला. गंधारनेच त्याला ओळखलं. ज्याला वशिला नव्हता तो घरी आला, आणि ज्याला होता तो पेटीतून आला.

पेटीबरोबर गंधार मुंबईपर्यंत आला आणि तिथून रुग्णवाहिकेत बसून महाडपर्यंत. पेटी उघडू नका, असं त्याने सांगितलं होतं. महरुन्निसाला मुलाचं तोंड दिसलं नाही. दफन झालं, आणि तो माझ्या घरी येऊन बसून राहिला. पाणी दिलं, ते प्यायला नाही. मग म्हणाला, "त्यांना सांगायला हवं. त्याला मी थांबवलं होतं."

मी म्हटलं, "सांग. पण सरळ सांग. तुझ्या त्या चर्चेच्या भाषेत नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोहल्ल्यात गेलो. महमूदभाईंनी खुर्च्या पुसून दिल्या. महरुन्निसा आतल्या दारात जमिनीवर बसली होती. "सर, एवढं कोन करतो?" महमूदभाई हात जोडून म्हणाले, "तुम्ही सोत्ता घेऊन आलात. आमच्यावर उपकार हायत तुमचे."

गंधार म्हणाला, "उपकार नाहीत, महमूदभाई. बाकीचे निघाले तेव्हा उबेदला मी थांबायला सांगितलं. तो माझ्यामुळे गेला." एवढंच बोलला. शब्द सरळ होते. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

महमूदभाई घाईघाईने मान हलवायला लागले. त्याचं दुःख हलकं करावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. "नाय, नाय सर. तुम्ही एकट्यानं नका घेऊ अंगावर. त्यानं मला बी फोन केलेला. म्हनला, अब्बा, सगळी निघाली, मी पन जातो. मीच म्हनलं, नको रे. आपन सरांच्या गावचे. आपनच त्यांच्या दारात जाऊन वरडलो, तर त्यांचे साहेब लोक काय म्हनतील? सरांची मान खाली घालू नको, म्हनलं."

महरुन्निसाने हळूच मान वर केली.

"तो येतो म्हनालेला?" तिने विचारलं.

महमूदभाईंच्या तेव्हा लक्षात आलं, की हे त्यांनी घरात कधी सांगितलंच नव्हतं.

"माझा पोरगा येतो म्हनालेला, आनि तुम्ही नको म्हनलात?"

ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि तिने दाराला कडी लावली. महमूदभाई दाराशी गेले. "अगो, ऐक तरी," असं दोन-तीनदा म्हणाले. आतून काहीच आवाज येईना, रडण्याचासुद्धा. गंधार उभा राहिला, त्यांच्याकडे जायला एक पाऊल टाकलं. महमूदभाईंनी मागे न बघता हात वर करून त्याला थांबवलं.

"सर, तुम्ही जावा आता," ते म्हणाले.