चाकं खाले शेतस का?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस धाकट्या भावाने धुळ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत संगणकाचा क्लास काढला. मी जळगावला एका दैनिकात उपसंपादक होतो आणि साप्ताहिक सुटीला एसटीने घरी यायचो. संध्याकाळी क्लासची मुले गेली की भाऊ एका संगणकावर विमान उडवण्याचा खेळ लावत असे. खेळ हा शब्द त्याला आवडत नसे. दोन इंजिनांचे प्रवासी जेट मुंबईच्या धावपट्टीवर नियमाप्रमाणे उतरवणे, एवढेच तो करायचा. वेग टप्प्याटप्प्याने कमी करायचा, पंखांचे फ्लॅप एकेक पायरीने सोडायचे, धावपट्टीची रेषा आणि उतरण्याचा कोन यांचे संकेत ऑटोपायलटने पकडले की चाके खाली घ्यायची आणि शेवटी ऑटोपायलट काढून हाताने उतरायचे. बरीच उतरणी बिघडत. वेग जास्त राहिला की विमान धावपट्टीवर टेकायचेच नाही, तरंगत पुढे जायचे.

खऱ्या कॉकपिटमध्ये उतरण्यापूर्वी एक वैमानिक यादी वाचतो आणि दुसरा नजर टाकून उत्तर देतो. बघितल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही, असा नियम आहे. भावाला दुसरा वैमानिक हवा होता. त्याने नानांना शेजारी बसवले.

नाना, म्हणजे आमचे वडील, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आदल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. एकच शब्द उरला, ‘शे’. आमच्या अहिराणीत त्याचा अर्थ ‘आहे’. डॉक्टरांनी सांगितले होते, "शब्द गेलेत, हे दिसतंच आहे. समज किती उरली, ते घरच्यांनाच हळूहळू कळेल."

माझ्या आईला तेवढेच कळायला हवे होते. मी पिशवी खाली ठेवायच्या आत ती म्हणायची, "त्यासले समजस का नई, ते पाही सांग. मी दिनभर कोनसंगे बोलस?"

भावाने यादी अहिराणीत केली होती. "नाना, फ्लॅप पुरा शे का?"

"शे."

"ऑटोब्रेक लायेल शे का?"

"शे."

उत्तर वेळेवर यायचे, आवाज ठाम असायचा. त्यांची नजर पडद्यावर असे. नानांचे जुने कंडक्टर अधूनमधून बघायला येत. ते दारातूनच ओरडायचे, "डायवर, तुम्हना इमानमा उभा राहाले जागा शे का?"

"शे."

"मंग घंटी देऊ का? साक्रीनं प्याशिंजर वाट पाही राहिनं!"

सगळे हसत. नानाही तोंडाच्या डाव्या बाजूने हसत. आई शेजारणींना सांगू लागली की नानांना बठ्ठं, म्हणजे सगळं समजतं, विमान चालवायला मदत करतात. तिने त्यांना घरातल्या गोष्टी पुन्हा सविस्तर सांगायला सुरुवात केली. भाजीवालीशी झालेले भांडण, बहिणीच्या सासरचे निरोप, सगळे.

एका सुटीला मी मागे बसून ऐकत होतो. भावाने विचारले, "चाकं खाले शेतस का?" नाना म्हणाले, "शे." चाके अनेक असतात. अहिराणी बोलणारा माणूस अशा वेळी ‘शेतस’, म्हणजे ‘आहेत’, असे म्हणतो. नानांचा जन्म त्या बोलीत गेला होता. लहान मूलही ही चूक करत नाही. मी हे भावाला अंगणात सांगितले. तो म्हणाला, "एकच शब्द राहिलाय, तोच ते वापरणार ना." मग म्हणाला, "पुढच्या खेपेला बघू."

पुढच्या सुटीला त्याने पुन्हा मुंबईकडे विमान आणले. स्पीकर बंद केला, कारण चाके वर असताना विमान खाली आले की भोंगा वाजतो. फ्लॅप सोडले. चाके सोडली नाहीत. पडद्यावर एरवी जिथे तीन हिरवे दिवे लागत, तिथे काळोख होता. आई दारात परात घेऊन उभी होती. आज चाके सोडणार नाही, हे तिला भावाने आधी सांगितले होते.

"नाना, नीट पाहा. चाकं खाले शेतस का?"

नानांनी पडद्याकडे पाहिले. "शे."

भावाने विमान तसेच उतरवले. ते पोटावर घासत गेले आणि पडद्यावर अपघाताची इंग्रजी पाटी आली. नाना पाटीकडे त्याच चेहऱ्याने पाहत होते. भावाने पुन्हा सुरुवात केली. "मायनी शपथ, पाही सांगा. चाकं वर शेतस का?"

"शे."

आई पुढे आली. परात तिने टेबलावर ठेवली. "मी जित्ती शे का?"

"शे."

"मी मरेल शे का?"

"शे," नाना म्हणाले आणि तिच्याकडे पाहून हसले.

तिने परात उचलली आणि आत गेली. भावाने संगणक बंद केला आणि नानांना धरून पलंगापर्यंत नेले.

उतरणी त्याने थांबवली नाहीत. फक्त क्रम बदलला. आता तो आधी चाके सोडायचा, तीन हिरवे दिवे लागलेले बघायचा आणि मग नानांना विचारायचा. त्यामुळे उत्तर दर वेळी बरोबर येई. काही आठवड्यांत घरातले सगळे प्रश्न तसे झाले. आई ताट पुढे ठेवून विचारायची, "भूक शे ना?" पांघरूण घालून झाल्यावर म्हणायची, "थंडी शे ना?" शेजारणींना ती काही सांगेनाशी झाली. नानांना निरोप आणि भांडणे सांगणे बंद झाले. कंडक्टर आले की दाराशीच बसून चहा पीत आणि हवापाण्याचे माझ्याशी बोलत.

नानांच्या कपाळावर कधीकधी आठ्या पडत, डावा हात पोटाकडे जाई. आम्ही उशी सरकवायचो, कूस बदलायचो. कुठे दुखते का, हे मात्र कोणी विचारत नसे.