डायलॉग तेवढा राहिला

ही हकिकत मी इतकी वर्षं टाळली, कारण ती सांगायची तर आमच्या भाडेकरूबद्दल सांगावं लागतं, आणि त्याच्याबद्दल सांगायचं तर माझ्याबद्दलही. त्याच्याएवढा सिनेमाने झपाटलेला माणूस अख्ख्या मुळशीत झाला नाही आणि होणारही नाही. भरे गावात आमच्या मागच्या खोलीत तो राहायचा. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून जग बघायचा. ताटातली भाकरीसुद्धा आधी चौकटीतून बघून मग मोडायचा. पहाटे कोंबडा आरवला की आतून ओरडायचा, "कट! पुन्हा एकदा!" आणि कोंबडा ऐकायचाही.

लॉकडाऊनमध्ये सगळे दार लावून बसले, तेव्हा याने महामारीत सिनेमा काढणाऱ्या एका वेड्या दिग्दर्शकावरच विनोदी सिनेमा काढायला घेतला. नायक मिळेना म्हणून तो दिग्दर्शक स्वतःच नायक होतो, अशी गोष्ट. "काका, मला वेगळा अभिनय करावा लागणार नाही," म्हणायचा. नायिका शेजारच्या खोलीतली, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी; खलनायक आमचा दूधवाला; कॅमेरा म्हणजे बांबूला बांधलेला मोबाईल. प्रेमाच्या गोष्टी दोन बांधांवरून ओरडून. लग्नात तिने हार घातला तो आंबे उतरवायच्या आकडीने. दूधवाला गळा दाबायला आला की मरणाराच दरडावायचा, "आधी साबणाने हात धू!"

माझी बायको दम्याची. तिची औषधं आणायला हाच सायकल मारत पिरंगुटला जायचा. ती मात्र तोंडाला पदर लावून शूटिंग बघत बसायची आणि हसून हसून तिला ढास लागायची. मी घाबरलो. एके दुपारी गोठ्यात शिरून पोलिसांना फोन केला, नाव सांगितलं नाही. गाडी आली. सगळ्यांसमोर त्याला कान धरून उठाबशा काढायला लावल्या. तो काढता काढता म्हणतो, "साहेब, जरा उन्हाकडे तोंड करू का? मोबाईल चालू आहे."

"फोन कुनी केला त्ये कळू दे, त्याच्या दुधात पानीच घालतो," दूधवाला म्हणाला.

"मग आत्ता काय घालतुयास?" बायको म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी तो लंगडत तिची औषधं घेऊन आला. "काका, शेवट सापडला! दिग्दर्शकाला पोलीस धरतात. फक्त फोन करणारा म्हातारा पाहिजे. तुम्ही करता?"

मी त्याच गोठ्यात तोच फोन पुन्हा केला. पहिल्याच टेकला ओके. "वा काका! जसा काही आधी केलाय," म्हणाला, आणि बोटांच्या चौकटीतून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. पुढे म्हाताऱ्याने त्याच्या दाराशी जाऊन म्हणायचं होतं, "चुकलं माझं, पोरा." तेवढं काही जमेना. कधी खोकला यायचा, कधी मी गुरांकडे बघायचो. शेवटी तो म्हणाला, "राहू द्या, काका. म्हातारा नुसता दारात उभा राहतो. तेच ठेवू."

बायको आता नाही. पण आकडीच्या प्रसंगात मागे एक बाई हसते, पार ढास लागेपर्यंत. तो आवाज त्याने कापला नाही. मी मोबाईलवर सिनेमा लावतो तो तेवढ्यासाठी. तिचे फोटो खूप आहेत. हसणं आहे ते एवढंच, आणि ते त्याने दिलेलं.

तो आता लांब असतो. दर दिवाळीला फोन करतो, आणि दरवेळी विचारतो, "काका, डायलॉग पाठ झाला का?"

यंदाही विचारलं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

मी म्हणालो, "जेवलास का रं?"