टेकडीआडचा रोबो

कॉलेजात असताना धाकटा भाऊ सतीश आणि मी कॉम्प्युटर गेममधला महाकाय रोबो एकाच कीबोर्डवर चालवायचो. रोबोचे पाय सतीशकडे, तोफा माझ्याकडे. तो बेधडक शत्रूच्या अंगावर जायचा. परवा तोच जुना गेम पुन्हा लावला, तर पठ्ठ्याने रोबोला टेकडीआड नेऊन उभं केलं.

“घाबरलास की काय? चल पुढे!”

“असू दे दादा, जरा दमानं घेऊ.”

मला संशय आला. अँजिओप्लास्टीनंतरचे माझे रिपोर्ट मी आकडा न् आकडा तपासलेत, सगळे ठीक आहेत. पण डॉक्टरांशी शेवटचं बोलला तो सतीश. माणूस जीभ सांभाळतो, बोटं सांभाळायचं त्याला सुचत नाही.

“डॉक्टर तुला काही वेगळं म्हणाले का रे?”

“काहीतरीच काय, दादा!” म्हणत त्याने रोबोला आणखी मागे घेतलं.