कपाटामागचा घोडा

भाचीचा नवरा, म्हणजे आमचा जावई, अजून नोकरीत आहे, म्हणून फौज कोणत्या देशाची ते लिहीत नाही. इंग्रजी बोलणारा देश आहे आणि त्याची छावणी न्युरेम्बर्गहून ट्रेनने तासाभरावर आहे, एवढं पुरे. फाटकावर पासपोर्ट ठेवून घेतात, बदल्यात गळ्यात अडकवायला बिल्ला देतात, आणि आत पाऊल टाकलं की पहिली दिसते ती हिरवळ. जर्मनीत गवताच्या उंचीवरून शेजारी एकमेकांशी बोलणं टाकतात. अशा देशात राहूनही इतकी एकसारखी कापलेली हिरवळ मी दुसरीकडे पाहिली नाही. मधोमध झेंड्याचा खांब. खांबाला दरवर्षी रंग लागतो.

हिरवळीच्या पलीकडे सैनिकांच्या कुटुंबांसाठी तीनमजली इमारतींच्या रांगा आहेत. त्यांतल्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरात, माझी भाची राहायला आली. जावई परदेशात जन्मलेला मराठी मुलगा. गाड्यांचा मेकॅनिक म्हणून फौजेत शिरला. त्याचं मराठी स्वयंपाकघरापुरतं: वरण, पुरे, अजून थोडं. मला मात्र न चुकता ‘अहो मामा’ म्हणतो, आणि मीही त्याला जावईबापू म्हणून त्याची पंचाईत करतो. त्यांची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. भाचीने हट्टाने तिला छावणीबाहेर, गावातल्या जर्मन बालवाडीत घातलं होतं. त्यामुळे आई मराठीत विचारायची, बाप इंग्रजीत विचारायचा आणि पोरगी दोघांनाही जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

त्या पहिल्याच हिवाळ्यात जावयाची तुकडी सरावासाठी पूर्वेकडे गेली. कुठे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तो गेला आणि मुलीचा खोकला सुरू झाला.

“मामा, तू इंजिनियर आहेस ना? मग ये आणि बघ,” भाची फोनवर म्हणाली. “तिच्या खोलीत भिंतीला काहीतरी आलंय. ओल आहे की बुरशी, मला कळत नाहीये.”

मी गेलो. मुलीच्या पलंगाशेजारचं कपाट आम्ही दोघांनी ओढून काढलं. मागच्या भिंतीवर, छतापासून खालपर्यंत, काळपट हिरवे डाग पसरले होते. त्यांना मातीच्या भांड्यात विसरलेल्या भाकरीचा वास होता. ओल हा शब्द मराठीत बरा आहे. जमिनीत ओल असली की पेरणी होते, माणसात ओल असली की त्याच्याकडे जावंसं वाटतं. ही ती नव्हती.

बाहेर जाऊन वर पाहिलं तर कारण दिसत होतं. छपराचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपचा सांधा नेमका त्याच कोपऱ्यावर निखळला होता आणि गिलाव्यावर शेवाळाचा लांब पट्टा उतरला होता. त्यात घराला नव्या, हवाबंद खिडक्या बसवलेल्या, आणि भिंती मात्र जुन्याच, थंडीला सरळ आत येऊ देणाऱ्या. घरातला दमट श्वास बाहेर जायला वाट नाही. तो सर्वांत गार कोपऱ्यात जाऊन बसणार. त्या कोपऱ्यात पलंग होता.

भाचीने तक्रार नोंदवली. काही दिवसांनी देखभाल विभागाचा माणूस आला. जवळच्या गावातला, अंगात निळा डगला, मितभाषी. त्याने भिंतीकडे पाहिलं, मान हलवली आणि जर्मनमध्ये म्हणाला, “या, शिमल.” म्हणजे हो, शिमलच.

पोरगी बाहेरच्या खोलीतून धावत आली.

जर्मनमध्ये शिमल म्हणजे बुरशी. आणि शिमल म्हणजे पांढरा घोडाही. बालवाडीतल्या चित्रांच्या पुस्तकात तिने पाहिलेला शिमल एकच होता, त्याला आयाळ होती. निळ्या डगलेवाल्याने मान हलवून सांगितलं होतं की तो तिच्या कपाटामागे आहे. लहान मूल मोठ्या माणसाचं बोलणं अविश्वासाने कशाला ऐकेल? तिने पाहिलं, दिसला नाही. तेव्हा तो लाजतो, असं तिने आम्हाला समजावलं. भाचीला हसू आलं आणि मलाही. त्या घरात आम्ही हसलो त्या थोड्या प्रसंगांतला तो एक, म्हणून लक्षात आहे.

निळ्या डगलेवाल्याने भिंत पुसली आणि लुफ्टेन करायला सांगून गेला. लुफ्टेन म्हणजे दिवसातून अनेकदा खिडक्या सताड उघडून घरात वारा घ्यायचा, बाहेर बर्फ असला तरी. इथे देवावरचा विश्वास उडालेली पुष्कळ माणसं मला भेटली. लुफ्टेनवरचा उडालेला अजून भेटायचा आहे. भाची कोट घालून खिडक्या उघडायची, पोरीला गोधडीत गुंडाळून बसायची. डाग परत आले. खोकला गेलाच नव्हता.

मग तपासनीस आला. हा साहेब होता. हातात आर्द्रता मोजायचं यंत्र, पायांत बुटांवर चढवलेल्या निळ्या पिशव्या. त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. त्याने आधी स्वयंपाकघर पाहिलं.

“हे काय आहे?”

“कुकर,” भाची म्हणाली.

“यातून वाफ बाहेर पडते?”

“तीन शिट्ट्या होतात फक्त,” ती म्हणाली, आणि शिट्टी या शब्दाला इंग्रजीत काय गांभीर्य आहे ते मला तिथेच कळलं. त्याने ते लिहून घेतलं.

मी त्याला खिडकीतून पाइप दाखवला. तो म्हणाला, “बाहेरची भिंत आमच्याकडे नाही, दुसऱ्या विभागाकडे आहे.”

“आणि आतली?”

“आतली आमच्याकडे.”

“मग भिंतीच्या मधलं पाणी कोणाकडे?”

त्याने माझ्या गळ्यातला पाहुण्याचा बिल्ला वाचला आणि उत्तर द्यायची गरज नाही असं ठरवलं.

त्यानंतर कपाट हलवलं. मागे, जमिनीवर, गाजराचे तुकडे पडले होते. काही सुकून वाकडे झालेले, काही मऊ पडलेले, त्यांच्यावर स्वतंत्र बुरशी आलेली. पोरगी रोज डब्यातलं गाजर वाचवून घोड्याला घालत होती.

“हे काय?” तपासनीसाने विचारलं.

पोरीने त्याला जर्मनमध्ये अगदी मुद्द्याचं सांगितलं, की तो माझ्यासमोर खात नाही. साहेबाला जर्मन जेमतेम येत होतं. त्याने गुडघे मोडून गाजरांचे फोटो काढले, निरनिराळ्या कोनांतून. भिंतीचा एक काढला. निष्कर्ष असा निघाला की घरात वाफेचा स्वयंपाक होतो, लुफ्टेन अपुरं आहे आणि फर्निचरमागे अन्न टाकलं जातं. भाचीने हे वाचलं. मग ती फडकं घेऊन सबंध घर पुसायला लागली. घर स्वच्छच होतं.

बखरी वाचायची मला जुनी खोड आहे. त्यांत स्वारी निघाल्याची वर्णनं किती रंगून केलेली असतात: हत्ती किती, अंबारी कशी, निशाणं कुठल्या रंगाची. शिलेदार मोहिमेवर गेल्यावर त्याची बायकामुलं कुठे राहत होती आणि त्यांच्या छपरातून पाणी गळत होतं का, यावर एकाही बखरकाराने शाई खर्च केलेली नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गळती दिसायला घरात जावं लागतं आणि स्वारी रस्त्यावरूनच छान दिसते.

आमच्याकडेही स्वारी यायची होती. भाचीच्या समोरच्या इमारतीचं नूतनीकरण पूर्ण झालं होतं आणि तिचं उद्घाटन करायला एक बडे अधिकारी येणार होते. नाव ठेवलं होतं ‘कुटुंब दिवस’. आधीच्या आठवड्यात रंगारी आले. सगळ्या जिने-दारांबरोबर त्यांनी मुलीच्या खोलीची ती भिंतही पांढरी केली, थेट बुरशीवरून. तक्रार निकाली निघाली, असा निरोपही आला.

जावयाचा फोन आला. आवाज लांबून, तुटक. “अहो मामा, प्लीज तिला सांगा ना, त्या दिवशी तक्रार नको. माझं प्रमोशन... आल्झो, तुम्हाला कळतं.” बायकोशी इंग्रजीत, माझ्याशी मराठीत आणि अडला की मुलीच्या जर्मनमध्ये बोलायचा, तसा बोलला.

“जावईबापू,” मी म्हटलं, “मी सांगेन. ती ऐकेल असं सांगत नाही.”

मी सांगितलं. भाची म्हणाली, “त्याला सांग, माझं कसलंही प्रमोशन अडलेलं नाही.”

उद्घाटनाला मांडव होता, बँड होता, चौकोनी केक होता आणि फीत कापायला तलवार होती. सांधा निखळलेला पाइप त्या मांडवातून स्वच्छ दिसत होता. पण सगळ्या खुर्च्या दुसरीकडे तोंड करून होत्या. भाषणात ‘सैनिकाचा खरा कणा म्हणजे त्याचं कुटुंब’ हे वाक्य आलं. कण्याने टाळ्या वाजवल्या.

मग बडे अधिकारी मुलांना भेटत फिरू लागले. माणूस वाईट नव्हता. खाली वाकायची त्याला सवय होती. पोरीसमोर तो वाकला आणि विचारलं, “तुला तुझी खोली आवडते का?”

इंग्रजी तिला कळत होतंच. तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं, “दा वोन्ट आइन शिमल.” तिथे शिमल राहतो.

त्याच्याबरोबरच्या दुभाषी बाई जर्मन होत्या, प्रसन्न होत्या. मूल ‘राहतो’ म्हणाल्यावर कोणीही जो अर्थ घेईल तोच त्यांनी घेतला. “तिच्या खोलीत एक पांढरा घोडा राहतो म्हणते!” सगळे हसले. फोटो निघाला.

भाची पुढे झाली. तिचा आवाज स्थिर होता. “सर, तिला बुरशी म्हणायचंय. जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे. तिला श्वास घ्यायला त्रास होतो.”

अधिकाऱ्याने दुभाषी बाईंकडे पाहिलं. त्या किंचित लाल झाल्या आणि म्हणाल्या, “गेनाऊ, अगदी बरोबर. एकच शब्द आहे.”

“एकच शब्द!” तो मनापासून म्हणाला. “आज नवीन शिकलो.” मागच्या तरुण अधिकाऱ्याला त्याने हे बघायला सांगितलं आणि त्या तरुणाने तत्परतेने लिहून घेतलं. मला क्षणभर वाटलं, झालं. केक कापताना अधिकारी पुन्हा बोलले, आणि त्यांनी घोड्याची गोष्ट सांगितली. जर्मन भाषा किती गमतीची आहे, मुलांचं मन किती निरागस असतं. गोष्टीचा बुरशीवाला अर्धा भाग त्यांनी गाळला. त्याने गोष्ट जास्त चांगली झाली, हे मान्य करायला हवं.

त्या नोंदीचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. पांढऱ्या रंगाला आधी पोपडे आले, मग त्यांतून काळं वर आलं. भाचीने मुलीचा पलंग आपल्या खोलीत नेला, पण तीच भिंत तिथेही पुढे गेलेली होती.

एका सकाळी पोरीला श्वास घेता येईना. खांदे वर उचलून, मानेच्या शिरा ताणून ती हवा ओढत होती. बोलणं बंद. भाचीने तिला गाडीत घातलं आणि गावातल्या इस्पितळात नेलं. मी पोचलो तेव्हा पोरीच्या तोंडावर वाफेचा मुखवटा होता आणि भाची पायांत घरातल्या सपाता घालून खुर्चीत बसली होती.

डॉक्टर बाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. घरात कोणी सिगारेट ओढतं का, मांजर-कुत्रा आहे का. पोरीने मुखवटा बाजूला केला आणि दम लागत लागत सांगितलं, कुत्रा नाही, शिमल आहे. माझ्या खोलीत.

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि भाचीला विचारलं, “बाहेरच्या भिंतीला?”

भाची तेव्हा रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

डॉक्टरांच्या शब्दाला वजन असतं. वसंतात भाचीच्या कुटुंबाला त्याच रांगेत, थोडं पुढे, दुसरं कोरडं घर मिळालं. जावई परतला, बढती मिळाली. श्वासाचा पंप मात्र पोरीच्या दप्तरात राहायला आला, तो अजून आहे. डॉक्टर म्हणतात, कदाचित जाईल मोठी झाल्यावर. कदाचित.

उन्हाळ्यात मी गेलो होतो, तेव्हा जुन्या घरासमोर सामानाचा ट्रक उभा होता. भिंत पुन्हा पांढरी केली होती. पाइप तसाच होता. नवी बाई तरुण होती, काखेत बाळ. भाची सरळ तिच्याकडे गेली, मी आणि पोरगी मागे. तिने नाव सांगितलं, आम्ही आधी इथे राहत होतो म्हणाली, आणि सांगितलं की कोपऱ्यातल्या खोलीत बाळाचा पाळणा ठेवू नका, त्या भिंतीत पाणी आहे.

बाईचा चेहरा आधी मोकळा होता, मग सभ्य झाला. “हो, ऑफिसने सांगितलंय आम्हाला,” ती म्हणाली. “आधीचे लोक फर्निचरमागे अन्न टाकायचे म्हणे.” भाचीच्या चेहऱ्याकडे पाहून तिने घाईने जोडलं, “आमचं तसं काही नाही. आम्ही काळजी घेऊ.”

भाचीने तोंड उघडलं. मग ती फक्त म्हणाली, “काळजी घ्या.”

परत येताना आम्ही हिरवळ तुडवत आलो, जे तिथे चालत नाही. वरच्या खिडकीला अजून पडदे लागले नव्हते. आतली दोन माणसं पाळणा कोपऱ्याकडे सरकवत होती. खोलीत दुसरीकडे जागा कुठे होती?

पोरगी मान वर करून पाहत होती. एरवी आईला जर्मनमध्ये उत्तर देणारी, ती मला मराठीत म्हणाली, “आजोबा, त्या बाळाला माहितीये का?”